अडकलेला खर्ज

मामी गेल्यावर मामाने तिच्यासाठी एक रचना केली. तो सभागृहातला ऑर्गन वाजवतो, संगीत रचतो आणि आमचा गायकवृंदही चालवतो. तीन माणसांचं काम एका पाठीवर, आणि ती पाठ दुखते. हातपाय वाद्यात गुंतलेले, म्हणून आम्हाला खुणा मानेने. समोरच्या आरशात आम्ही त्याची मान बघतो, तो आमची तोंडं. कुणाचंच फार भलं होत नाही.

रचनेचा जीव शेवटात होता. एकेक आवाज गळत जातो आणि उरते नुसती शांतता. मामी गेली त्या सकाळी घरात होती तशी.

"बाकी वाटेल तसं बेसूर गा," मामा म्हणाला, "पण ती शांतता मला नीट पाहिजे."

आम्ही पहिला भाग तंतोतंत पाळला. दुसऱ्याच्या आड ऑर्गन आला. शेवटी मामाने खर्जाच्या पेडलवरचा पाय उचलला आणि सगळ्यांत जाड पाइपाची झडप अडकली. सूर थांबेचना. पोट बिघडलेल्या म्हशीसारखा तो हंबरत राहिला. मामाने हवेची मोटर बंद केली, तोवर लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते.

पेपरात समीक्षक महाशयांनी लिहिलं: 'शोक संपत नाही, हे सांगणारा न संपणारा खर्ज! शांततेची सोपी पळवाट नाकारणारा असा रचनाकार विरळाच.'

मामाने पेपराची घडी घालून डुगडुगणाऱ्या टेबलाखाली सरकवली. टेबल हलायचं थांबलं. समीक्षेचा उपयोग नसतो असं नाही.

मग त्याने समीक्षकांना फोन लावला. "अहो, झडप अडकली होती."

"मोठी माणसं असंच बोलतात," समीक्षक गहिवरले. पुढच्या रविवारी मामाच्या विनयावर स्वतंत्र लेख आला.

मिस्त्रीने झडप दुरुस्त केली, तर सभागृहाचे सेक्रेटरी नाराज. "तेवढा सूर राहू द्या की. लोक त्यासाठीच येतायत."

"एकदा तरी तिला ती शांतता मिळू दे," मामा म्हणाला.

"कुणाला?"

मामी प्रत्येक कार्यक्रमात ऑर्गनशेजारी बसून नोटेशनची पानं उलटायची. सेक्रेटरींना ती स्टँड वाटायची बहुतेक.

दुसऱ्या कार्यक्रमाला सभागृह खच्चून भरलं. आम्ही गायलो, थांबलो. मामाने पाय उचलला. झडप मिटली. शांतता आली.

आरशात मामाचे डोळे मिटले. पानं उलटणारीच्या रिकाम्या खुर्चीकडे त्याची मान जरा कलली.

पहिल्या रांगेत कुजबुज झाली. समीक्षक अस्वस्थ झाले. वाद्य बिचारं दगा देतंय, असं त्यांना वाटलं असावं, कारण त्यांनी मदतीच्या भावनेने तोंड मिटून तो खर्ज गुणगुणायला सुरुवात केली. शेजारच्या बाईंनी साथ दिली. मग रांग, मग बाल्कनी. सेक्रेटरी दारात उभे राहून, हात छातीवर ठेवून. सगळं सभागृह मनापासून हंबरत होतं.

मामाने डोळे उघडले. आरशातून मी त्याच्याकडे बघत राहिले. मान हलली नाही.

बराच वेळ त्याने वाट पाहिली. कुणी थांबेना. आणि सगळे सुराच्या बरेच खाली घसरले होते.

मग मामाने पाय उचलून हळूच पेडलवर ठेवला, आणि त्यांना सूर दिला.