बेचाळीस दिवसांचा नियम

उल्काने मेजरिंग टेपचं एक टोक स्कूटरच्या चार्जरपाशी पायाने दाबून धरलं आणि दुसरं घराच्या दारापर्यंत ओढत नेलं. एक मीटर दहा. मग चार्जरपासून बाबांच्या पलंगापर्यंत. चार मीटर. म्हणजे आग लागलीच तर ती बाबा आणि दार यांच्या मध्ये लागणार. तिने आकडे कुठे लिहिले नाहीत. टेप सोडली तशी ती सर्रकन डबीत गेली, आणि त्या आवाजाने पलंगावर वर्तमानपत्र वाचणाऱ्या मनोहररावांनी मान वर केली.

"काय मोजतेस सकाळी सकाळी?"

"काही नाही बाबा. नवीन कपाट बसेल का बघत होते."

"हं," म्हणून ते पुन्हा वर्तमानपत्रात शिरले. पहिल्याच पानावर जळून काळ्या पडलेल्या एका खिडकीचा फोटो होता.

अशा खिडक्या नऊ दिवसांत तीन झाल्या होत्या. गुडघ्यांनी दगा दिलेली म्हातारी माणसं ज्या बॅटरीवरच्या बैठ्या स्कूटरवरून फिरतात, त्या स्कूटरी घरात चार्ज होताना पेटल्या होत्या. तिसऱ्या आगीत एक आजीबाई दगावल्या. मनोहररावांची निळी स्कूटर त्याच जातीची. चोआ चू कांग नावाच्या वसाहतीतल्या नवव्या मजल्यावरून ते रोज चार वाजता तिच्यावर बसून लिफ्टने खाली उतरत, समोरच्या ब्लॉकच्या, म्हणजे इमारतीच्या, खालच्या दगडी टेबलाशी गोह नावाच्या निवृत्त बसड्रायव्हरबरोबर चिनी बुद्धिबळ खेळत, कॉफी पीत आणि वाटेत लायब्ररी करून सहाला परतत. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी परक्या देशात माणसाला एवढं स्वतःचं जग मिळालं, ते त्या चार चाकांमुळे. उल्काची आई गेल्यावर ते इथे आले तेव्हा दोन वर्षं नुसते खिडकीशी बसून असायचे. ते दिवस ती विसरली नव्हती.

आणि उल्काचं काम होतं नियम लिहिण्याचं.

ती ज्या सरकारी खात्यात कायद्याचे मसुदे लिहायची, तिथे एरवी सगळं संथ लयीत चाले. मसुदा लोकांपुढे ठेवायचा, सहा आठवडे सूचना मागवायच्या, हजार शंकांना उत्तरं द्यायची, मग नियम. टेप लावून ती निघाली त्या मंगळवारी मात्र सकाळी नऊ वाजता खात्याच्या प्रमुख मॅडम लो यांनी दार लावून घेतलं आणि सांगितलं, की तातडीचा तात्पुरता नियम करायचा आहे. उद्या दुपारी राजपत्रात, उद्या संध्याकाळी सहापासून लागू. या स्कूटरी घरात ठेवायच्या नाहीत, चार्ज करायच्या नाहीत. सगळ्या बहुमजली गाडीतळांच्या उघड्या गच्चीवर पहाऱ्यात राहतील.

"आणि तोवर घरीसुद्धा चकार शब्द नाही," त्या म्हणाल्या. "बातमी फुटली तर दुकानदार रातोरात माल खपवतील. लोक स्कूटरी जिन्यात नेऊन लपवतील, म्हणजे आगीच्या वेळी जिनाच बंद."

मॅडम लो साठीला टेकलेल्या, चणीने एवढ्याशा, पण खात्यात कोणाची त्यांच्यापुढे आवाज चढवायची टाप नव्हती. उल्का सगळे जाईपर्यंत थांबली.

"मॅडम, माझ्या घरी अशी स्कूटर आहे. वडिलांची. मी या कामातून बाजूला होते."

त्यांनी चष्मा काढला. "लेखी द्या. फाइलीत राहील. सूट कोणाला द्यायची की नाही ते कलम माझं. बाकी सगळं तुम्हीच लिहायचं. इथल्या बाकीच्यांनी ती स्कूटर फक्त फोटोत पाहिली आहे."

उल्का लिहायला बसली. मनाला किती बजावलं तरी ते जायचं तिथे जातंच. दुपारपर्यंत तिच्या मसुद्याच्या कडेला एक सूचना उमटली होती: पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना डॉक्टरांचं पत्र असल्यास सवलत द्यावी का? मॅडम लो यांनी ती वाचली. रागावल्या नाहीत.

"ज्यांना पळत बाहेर पडता येत नाही, नेमक्या त्यांच्याच घरात ती ठेवायची?"

एक मीटर दहा, चार मीटर. उल्काने पेन घेतलं आणि सूचना स्वतःच खोडली.

मग प्रश्न आला मुदतीचा. बॅटऱ्या तपासणारा इंजिनिअर फैजल म्हणाला, पुढील आदेशापर्यंत असं लिहा ना, सोपं पडेल.

"तपासायला किती दिवस लागतील?" मॅडम लो.

"घाई केली तर सहा आठवडे."

"मग बेचाळीस दिवस. त्रेचाळिसाव्या दिवशी हा नियम आपोआप मेला पाहिजे."

"आणि काम उरलं तर?"

"तर नवा नियम, नवी कारणं, आणि पुन्हा माझी सही. जुनी तारीख ओढायची नाही. संपायचा दिवस ठरलेला नसला की कोणालाच घाई नसते, फैजल. घाई फक्त घरात अडकलेल्या माणसाला असते."

उल्का अठरा वर्षं नियम लिहीत होती, पण सत्ता हातात घेतानाच ती परत करायचा दिवस लिहून ठेवणारं माणूस तिने इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं. तिला त्या बाईंविषयी एकदम फार आदर वाटला, आणि थोडी स्वतःची लाजही.

शेवटी राहिला कारणांचा परिच्छेद. लोकांना न विचारता नियम का केला, हे तातडीच्या नियमात सांगावंच लागतं. उल्काने नेहमीचं सरकारी वाक्य लिहिलं. मॅडम लो यांनी ते परत पाठवलं.

"हा परिच्छेद मंत्र्यांसाठी नसतो," त्या म्हणाल्या. "ज्यांना आपण विचारलं नाही, त्यांच्यासाठी असतो. त्यांतलं एक माणूस समोर बसवा आणि त्याला सांगा."

समोर कोणाला बसवायचं याचा उल्काला विचार करावा लागला नाही.

संध्याकाळी ती घरी पोचली. आजची एक रात्र ती स्कूटर घरातच राहणार, आणि चार्जर लावू नका हे सांगायलाही काही निमित्त लागणार. वाटेत तिने दोन सबबी तयार केल्या होत्या. पण चार्जरची वायर सॉकेटमधून काढून, गुंडाळून, रबरबँड लावून ठेवलेली होती, आणि स्कूटर दाराजवळून हलवून पार पलंगापलीकडे, खिडकीखाली गेली होती. आपल्या लेकीने, इराने, झाडू मारताना सरकवली असेल असं धरून तिने सुटकेचा श्वास सोडला. चौदा वर्षांच्या त्या पोरीने आजवर कधी झाडू हातात धरला नव्हता, हे तेव्हा तिच्या लक्षात आलं नाही.

जेवताना मनोहरराव रोज विचारायचे, "काय, आज किती कलमं पाडलीस?" मुंबईच्या सरकारी छापखान्यात तेहेतीस वर्षं त्यांनी राजपत्राची मुद्रितं तपासली होती, त्यामुळे मुलीच्या कामात त्यांना भारी रस. त्या दिवशी त्यांनी कढीचं कौतुक केलं, थोडी आणखी मागून घेतली आणि लवकर उठले.

बुधवारी दुपारी नियम निघाला. खात्यात मॅडम लो यांची एक जुनी रीत होती. तात्पुरत्या नियमाची नोटीस प्रत्येकाने आपापल्या ब्लॉकच्या लिफ्टपाशी स्वतःच्या हाताने लावायची, आणि मुदत संपताच तिथे जाऊन स्वतःच काढायची. नाहीतर नोटिसा भिंतीवर पिवळ्या पडत राहतात, आणि नियम जिवंत आहे की मेला हे कोणालाच कळत नाही. उल्काने नोटीस लावली, चारी कोपऱ्यांवर अंगठा दाबला आणि वर गेली.

मनोहररावांनी नियम इराच्या टॅबवर उघडलाच होता. चष्मा नाकावर घेऊन ते कारणांचा परिच्छेद मुद्रितं वाचायच्या जुन्या सवयीने, एकेका शब्दावर बोट ठेवत मोठ्याने वाचत होते. तुमचा रोजचा बाहेरचा रस्ता या नियमाने बंद होतो हे आम्हाला माहीत आहे. तुम्हाला विचारण्याइतका वेळ घेतला असता, तर त्या वेळात आणखी एखादं घर जळालं असतं. म्हणून न विचारता हे करत आहोत, आणि म्हणूनच ते बेचाळीस दिवसांच्या पुढे जाणार नाही.

उल्का पायातल्या सँडल काढत दारातच उभी राहिली.

"बरं लिहिलंय," ते म्हणाले. "लिहिणाऱ्याने कोणाला तरी समोर बसवून लिहिलंय." आणि टॅब इराला देऊन म्हणाले, "चल गं, माझी गाडी गच्चीवर पोचवून येऊ. सहाच्या आत."

"आजोबा, सो फास्ट? सहाला अजून वेळ आहे लाह." इथल्या लोकांसारखं इराच्या बोलण्यातही हे 'लाह' शेपटासारखं यायचं.

"असू देत."

पुढचे बेचाळीस दिवस उल्काने आपलं लिहिलेलं रोज डोळ्यांनी पाहिलं. खात्याने ढकलायची व्हीलचेअर दिली. मनोहररावांनी आभार मानून ती घडी घालून ठेवली. ढकलून नेलेलं त्यांना आवडत नसे. वॉकर घेऊन ते कॉरिडॉरमध्ये जायचे, चार वाजता, खाली उतरायच्या वेळेला. पहिल्या आठवड्यात आठ दारं, मग बारा. कठड्याशी थांबून समोरच्या ब्लॉकखाली एकटाच सोंगट्या मांडून बसलेल्या गोहकडे बघायचे. गोह हात वर करायचा. कुरकुर म्हणून नाही. एकदा न राहवून उल्काच म्हणाली, "बाबा, राग येत असेल ना या नियमाचा?"

"नियमाचा कसला राग? तारीख घातलीय ना त्याला." वॉकरवरची पकड त्यांनी जरा बदलली. "आमच्याकडे तात्पुरता म्हणून छापलेला एक आदेश मी नोकरीला लागलो तेव्हा होता आणि निवृत्त झालो तेव्हाही होता."

मग त्यांना रॉकेलची गोष्ट आठवली. ती घरात सगळ्यांना पाठ होती. रॉकेलचा कोटा निम्मा करणारा आदेश त्यांनी छापखान्यात तपासला, घरी येऊन मुकाट्याने जेवले, आणि दुसऱ्या दिवशी उल्काची आई तीन तास रांगेत उभी राहून रिकामा डबा घेऊन परतली. आदल्या संध्याकाळी तिला नुसतं आणून ठेव म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण छापून बाहेर पडेपर्यंत बोलायचं नाही म्हणजे नाही.

"जन्मभर ऐकवलं तिने मला," मनोहरराव म्हणाले. "म्हणायची, यांच्या तोंडाला सरकारी कुलूप."

"आणि तुम्हाला काय वाटायचं?"

"वाईट वाटायचं. दुसरं काय वाटणार?" ते पुढच्या दाराकडे निघाले.

पाचव्या आठवड्यात फैजलने आणखी पंधरा दिवस मागून पाहिले. मॅडम लो यांनी त्याच्यासमोर कोरा कागद ठेवला आणि म्हणाल्या, ही घ्या जागा, नवी कारणं लिहा. तो कागद तसाच परत करून गेला आणि चाळिसाव्या दिवशी त्याचा अहवाल आला. दोष एकाच बनावटीच्या बॅटरीत होता. तेवढ्या बदलून द्यायच्या, बाकीच्या स्कूटरी मोकळ्या. निळी स्कूटर मोकळ्यांत होती.

बेचाळिसाव्या दिवशी, बुधवारी, उल्का ऑफिसातून लवकर निघाली. इराने गच्चीवरून स्कूटर वर नेली होती, पण घरात नाही, नवव्या मजल्याच्या लिफ्टपाशी. सहाला पाच कमी असताना उल्का लिफ्टपाशी नोटिशीसमोर उभी राहिली आणि घड्याळ बघत थांबली. गोह समोरच्या ब्लॉककडून चालत आला. बगलेत सोंगट्यांचा डबा, हातात प्लॅस्टिकच्या एकेका पिशवीत लटकवलेल्या दोन कॉफ्या.

"आज अंकल येणार ना?" त्याने इंग्रजीत विचारलं.

"येणार. सहाला हा नियम संपतोय. त्यांना फार दिवस अडकून पडावं लागलं."

"नियम?" गोहने नोटिशीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "नियम नाही लाह. गुडघे. मला स्वतः सांगून गेला, गुडघे फार दुखतात, काही आठवडे जमणार नाही. त्याच दिवशी लायब्ररीची सगळी पुस्तकंही परत केली. मी त्याच्यासोबत होतो."

"कधी?"

"ही नोटीस लागली त्या आठवड्यात, मंगळवारी. पक्कं मंगळवार. मंगळवारी माझं डायलिसिस असतं, त्याने मला तिथून येताना गाठलं."

उल्काने नोटिशीवरची तारीख वाचली. ती तिनेच लिहिली होती. बुधवार.

मग तिला टेप आठवली, डबीत जाताना झालेला तिचा आवाज, आणि बाबांच्या हातातल्या वर्तमानपत्रातली जळकी खिडकी. रबरबँड लावलेली वायर. खिडकीखाली सरकवलेली स्कूटर. जास्तीची मागून घेतलेली कढी. सबंध मंगळवार ती बाबांपासून एक गोष्ट लपवत होती, आणि बाबा तीच गोष्ट तिच्यासाठी सगळ्या जगापासून लपवत होते.  गोह बघत होता म्हणून ती भिंतीकडे वळली आणि सहा वाजल्यावर नोटिशीचा वरचा कोपरा नखाने उचकटू लागली.

लिफ्टचं दार उघडलं. निळी स्कूटर सावकाश बाहेर आली. मनोहररावांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता.

"गुडघे बरे झाले?" गोहने विचारलं.

"झाले," मनोहरराव म्हणाले. "आत्ताच. सहा वाजता."

उल्काकडे न बघता त्यांनी गोहच्या हातातली एक कॉफी घेतली, स्कूटरच्या हँडलला अडकवली, आणि पुढे जाता जाता मराठीत म्हणाले, "खालचा कोपरा राहिलाय बघ. नीट काढ."