हाकेला ओ

“आजपासून विहिरीत तुमच्या भाषेत ओरडायचं नाही,” मॅनेजर म्हणाला. “तक्रार आलीये.”

दाजी लिफ्टच्या टपावर उभा होता, दोन्ही हात ग्रीसने बरबटलेले. त्याला वाटलं, आवाजाची तक्रार असेल. “हळू ओरडत जाऊ, साहेब.”

“हळू नाही, जोरात नाही. त्या भाषेतच नको. टीव्ही बघत नाहीस का?”

टीव्ही सगळ्यांनीच पाहिला होता. बाजारात बॉम्ब फुटला, माणसं मेली, आणि तो ठेवणारे दाजीची भाषा बोलणारे निघाले. मेलेल्यांतला एक हमालही तीच भाषा बोलायचा. पण मेलेल्याची भाषा कोण विचारतो!

लिफ्ट ज्या पोकळीतून खालीवर जाते तिला हे दोघं विहीर म्हणत. दोघं म्हणजे टपावर दाजी आणि तळाशी, दोराच्या चाकापाशी, त्याच्या बायकोचा भाऊ. मेहुण्याचं ऐकून सगळी इमारतच त्याला दाजी म्हणायला लागली होती. विहिरीचा नियम एकच. लिफ्ट हलवायच्या आधी वरच्याने हाक मारायची, “घेतो रे, हात काढ!” आणि खालून ओ आल्याशिवाय बटणाला बोट लावायचं नाही. मेहुणा दोन पोरांचा बाप, पण या शहरात नवा. इथली भाषा त्याला धड येत नव्हती. डबा देताना दाजीची बायको रोज बजावायची, “माझ्या भावाला सांभाळा हं.”

“कुणाची तक्रार, साहेब?”

“चौथ्या मजल्यावरच्या बाई. म्हणतात, भिंतीच्या आत ते दोघं काहीतरी ठरवत असतात.”

याच बाई मागे एकदा वीज गेल्यावर लिफ्टमध्ये अडकल्या होत्या. रडून रडून श्वास लागला होता त्यांना. दाजी बाहेर दाराला पाठ लावून बसला आणि बोलत राहिला. इथल्या भाषेतले शब्द संपले तेव्हा त्याने आईने सांगितलेली कोल्ह्याची गोष्ट आपल्या भाषेत सांगायला घेतली. आतून बाई म्हणाल्या होत्या, “कळत नाही हो काही, पण थांबू नका.” तोच आवाज, तीच भाषा!

“साहेब, चोर सोडून संन्याशाला फाशी का?”

“मला कळतं रे. पण सुक्याबरोबर ओलंही जळतं. इथल्या भाषेत ओरडा, नाहीतर गप्प बसा.”

जळतं म्हणे! सांगायला याच्या बापाचं काय जातंय?

मेहुणा म्हणाला, “दाजी, चाकात हात असताना मी परका शब्द आठवत बसू?” मग दोघांनी तोड काढली. वरून पान्याने लिफ्टच्या लोखंडी रुळावर दोन ठोके, खालून उत्तराला दोन ठोके. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, पण काम चाललं.

चाललं, आणि एका दुपारी चुकलं. दाजीने दोन ठोके दिले. उत्तराला दोन ठोके आले. त्याने बटण दाबलं. ते ठोके खालून आलेच नव्हते. कुणाच्या तरी घरात भिंतीवर तसबीर टांगायला खिळा ठोकत होते. मेहुण्याची बोटं दोर आणि चाकाच्या मध्ये होती.

तो ओरडला, आपल्याच भाषेत ओरडला, सगळ्या मजल्यांना ऐकू जाईल असा. त्या दिवशी मात्र कुणी तक्रार केली नाही.

मॅनेजर धावत आला. तळाशी बघून पांढराफटक पडला आणि म्हणाला काय, तर “अरे, हाक तरी मारायचीस!”

दाजीला त्याचा गळा धरावासा वाटला. पण त्याने मेहुण्याला उचललं.

तीन बोटं गेली. उजव्या हाताची. बायको भांडली असती तर बरं झालं असतं. ती रोज समोर ताट ठेवायची आणि भावाला भरवायला आत निघून जायची.

मग एका सकाळी लिफ्ट पुन्हा दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. दाजी एकटाच आला. आत चौथ्या मजल्यावरच्या बाई होत्या.

“कोण आहे? दाजी ना? अहो दाजी!”

दाजीने ओ दिली नाही.

“बोला ना काहीतरी. जीव घाबरतोय माझा. तुमच्या भाषेत बोला, चालेल!”

चालेल! दाजीने दात आवळून काम सुरू ठेवलं. हुंदके ऐकू येत होते. वाईटही वाटत होतं, पण तोंड उघडत नव्हतं. शेवटी लिफ्ट मजल्याला लागली, दार सरकलं.

बाई घामाने भिजल्या होत्या. “माणूस आहात की दगड? एक शब्द बोलला असता तर काय बिघडलं असतं?”

“तक्रार येते, बाई,” दाजी म्हणाला.

बाई जिन्याचा कठडा धरून निघून गेल्या.

आता लिफ्ट एकदा खालीवर करून बघायची होती. दाजी टपावर चढला, सवयीने विहिरीत वाकला आणि आपल्या भाषेत हाक मारली, “घेतो रे, हात काढ!”

खाली कोणी नव्हतं. तरी तो बटणावरचं बोट उचलून थोडा वेळ थांबला.