अंधुक ठिपके

मुलांनो, समजा, ज्वारीच्या कणीहून बारीक असा एक सूत्रकृमी तुमच्यासमोर आहे. मातीत राहणारा, काचेसारखा आरपार. शास्त्रज्ञांनी त्याच्या काही पेशींना चमक दिलीय; सूक्ष्मदर्शकातून पाहा, त्याच्या अंगात आठ हिरवे ठिपके चमकताना दिसतील. त्या त्याच्या मज्जापेशी. हालचाल ताब्यात ठेवणारं एक रसायन त्या बनवतात. तेच रसायन आपल्या मेंदूतही बनतं. ते बनवणाऱ्या पेशी मरू लागल्या की माणसाचे हात थरथरतात.

पिंगळीच्या बसवराजअज्जांचे थरथरायचे. गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन रोज सकाळी पूजा, हा त्यांचा साठ वर्षांचा नेम. एकदा लिंग हातातून निसटलं. तेव्हापासून ते मांडीवर उपरण्याची घडी ठेवून पूजेला बसत.

सुट्टीत त्यांची सहावीतली नात अनुपमा परभणीला राजेश्रीआत्याच्या प्रयोगशाळेत जाई. तिथले कृमी असे वाढवलेले होते, की त्यांच्या त्या आठ पेशी हळूहळू विझत. आत्यानं एका डबीतल्या कृमींना पाल्याचा अर्क दिला होता, दुसरीतल्यांना नुसतं पाणी. मग डब्यांवर सहकाऱ्यानं चिठ्ठ्या लावल्या, फक्त ‘क’ आणि ‘ख’. कशात काय, ते आत्यालाही ठाऊक नव्हतं; ते पाकिटात बंद.

"पाकीट आधीच का उघडत नाहीस?" अनुपमानं विचारलं.

"कळलं की मोजताना डोळे लबाडी करतात गं. आणि अंधुक ठिपका मोजायचा नाही."

अनुपमानं मनाशी ठरवलं, औषध पहिल्या डबीतच असणार. मग ‘क’मधला एखादा अंधुक ठिपका तिला उजळ वाटू लागला. एक मोजला, मग दुसराही. ‘क’मध्ये कृमीमागे सरासरी सहा आले, ‘ख’मध्ये चार.

संध्याकाळी बसमधून उतरून ती धावतच घरी आली. "अज्जा, तुमचं औषध सापडलं!"

"जावयाला कुणी जपत न्हाई एवढं तुझी आत्या त्या किड्यांना जपायलीय. मला वाटलंच होतं, कायतरी निघंल." ते लय दिवसांनी हसले. "मग ही घडी कशाला पायजे आता?"

दुसऱ्या सकाळी उपरणं खुंटीवरच राहिलं.

त्याच दुपारी आत्यानं पाकीट उघडलं. अर्क ‘ख’मध्ये होता.

"म्हणजे औषधानं आणखी बिघडलं?" आत्या खुर्चीत बसली.

अनुपमा पुढे झाली. "आत्या, मी ‘क’मधले अंधुक पण मोजले."

आत्या रागावली नाही. त्याचंच अनुपमाला जास्त लागलं. चिठ्ठ्या झाकून, सहकाऱ्याला डब्या उलटसुलट करायला लावून आत्यानं स्वतः दोनदा मोजलं. ‘क’मध्ये चार. ‘ख’मध्येही चार. अर्कानं काहीच केलं नव्हतं. दोन वर्षांचं काम होतं ते.

त्या संध्याकाळी अनुपमा अज्जांपुढे गेलीच नाही.

सकाळी ते अंघोळ करून, कपाळाला विभूती लावून आसनावर बसले. मांडी मोकळी होती. तळहात पुढे केला, तो थरथरतच होता. "आत्या कधी देणार गं औषध?" त्यांनी विचारलं.

अनुपमानं खुंटीवरचं उपरणं काढलं, त्याची चार पदरी घडी घातली आणि त्यांच्या मांडीवर ठेवली.