माझ्या अंगावरची चिठ्ठी

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. शहराबाहेर, हर्सूलच्या पुढे पाण्याच्या टँकरचा एक डेपो आहे, त्या डेपोतल्या खताच्या खोलीत सध्या माझा मुक्काम असतो. शेजारी दोन फुटके पाईप आणि एक बिनचाकाची खुर्ची आहे. त्यांना माझी कहाणी पाठ झाली, म्हणून आज तुम्हाला सांगतो. सांगताना मी माझी बाजू घेणार नाही. घेण्यासारखी ती नाहीच.

माझा जन्म शहागंजातल्या एका अरुंद दुकानात झाला. चार खोक्यांतून चार भाग निघाले आणि दुकानदाराने ते एका काळ्या पेटीत स्क्रूने आवळले. "ले जाव आप्पा, दस साल हिलता नै," असे तो मला विकत घेणाऱ्या आप्पांना म्हणाला. आपल्याबद्दल कुणी इतक्या खात्रीने बोलले की छाती फुगतेच. माझा तर पंखाही तेव्हा जोरात फिरू लागला.

ते दुष्काळाचे वर्ष होते. शहर मात्र दुष्काळ मोजून वाढत नाही. कालपर्यंत जिथे ज्वारी होती तिथे गॅलऱ्यांच्या इमारती उभ्या राहिल्या. माणसे राहायला आली, पण नळ काही आले नाहीत. आप्पांच्या शेतातल्या दोन विहिरींना पाणी होते, म्हणून त्यांनी टँकर घेतले. दोनाचे अकरा झाले. कुठल्या कॉलनीला कधी खेप गेली याची नोंद आप्पा कॅलेंडरच्या पाठीवर ठेवत. त्यामुळे एका कॉलनीत दोनदा पाणी जाई आणि दुसरीतल्या बायका रिकाम्या बादल्या घेऊन दारात बसत. हा घोळ निस्तरायला मला आणले.

मला सांभाळायला अंगद होता. पूर्वी तो पाण्याचे पंप दुरुस्त करायचा. माझा पंखाही त्याने पहिल्या दिवशी पंपासारखाच कान लावून तपासला. रोज सकाळी तो रंगाच्या जुन्या ब्रशने माझ्यावरची धूळ झाडी आणि मग डेपोतले इतर काम हाती घेई. मी अडखळलो की त्याला आवाजावरून कळायचे. "आज याचं लक्ष नाय," असे तो म्हणे आणि मला दहा मिनिटे विश्रांती देई. मित्रांनो, असे सांभाळणारे माणूस नशिबाने मिळते. मला ते फुकट मिळाले, म्हणून त्याचे मोल कळले नाही.

आता सारजाबाईंबद्दल सांगतो, कारण खरी गोष्ट त्यांची आहे.

डेपोपासून चार कोसांवर टेकडीमागे सात घरांची मेंढपाळांची वस्ती होती. सारजाबाई तिथे राहत. नवरा हयात नव्हता, लेक लग्न होऊन गेलेली, घरात चौतीस मेंढरे. प्रत्येक मेंढराला त्यांनी नाव ठेवले होते. ही वस्ती ना शहराच्या यादीत होती ना कुठल्या गावाच्या. बहात्तरच्या दुष्काळात आप्पा लहान असताना त्यांची आई त्यांना कडेवर घेऊन खडी फोडायला चालली होती. वाटेत पोर तहानेने गळून गेले. तेव्हा सारजाबाईंच्या सासूने आपल्या घागरीतले शेवटचे पाणी त्याला पाजले. आईने आप्पांना मरेपर्यंत बजावले होते की आपल्या विहिरीचे पहिले पाणी त्या वस्तीचे. म्हणून दिवसाची पहिली खेप टेकडीमागे जाई. तिला सगळे धर्माची खेप म्हणत. कडूबा नावाचा जुना ड्रायव्हर ती नेई. आप्पांचा एकच नियम होता. धर्माचे पाणी मागायला लावायचे नाही, आणि दिले हे बोलूनही दाखवायचे नाही.

माझी पंचाईत अशी की कागदावाचून मी टँकर हलू देत नसे आणि फोन नंबरावाचून कागद काढत नसे. सारजाबाईंकडे फोन नव्हता. अंगदने दोन दिवस डोके खाजवले. मग त्याला सापडले की माझ्यात एक पळवाट आहे. "चाचणी" या नावाने नोंद केली तर मी नंबर मागत नाही. ती सोय खरी तर मला तपासून पाहण्यासाठी होती. अंगदने तिथे सारजाबाईंची रोजची खेप बसवली. तेव्हापासून रोज सकाळी माझ्यातून पहिला कागद निघे तो "चाचणी"चा. कडूबा तो घडी करून खिशात घाली आणि टेकडीकडे निघे. सहा वर्षे हे बिनबोभाट चालले.

या सहा वर्षांत माझे कौतुक फार झाले. आल्यागेल्याला आप्पा मला दाखवत. पुढे त्यांचा मुलगा शिवराज कारभार पाहू लागला. तो वाईट मुलगा नव्हता, हे आधीच सांगतो. एका उन्हाळ्यात अंगद मेहुण्याच्या लग्नाला गेला आणि नेमका त्याच दिवशी मी बंद पडलो. अकराही टँकर उभे राहिले. तीन कॉलन्यांत दुपारपर्यंत थेंब पोचला नाही. माणसे डेपोवर चालून आली. शिवराजने हात जोडून सगळ्यांची बोलणी ऐकली आणि दुसऱ्या दिवशी आप्पांना म्हणाला, "आप्पा, एका माणसावर सगळा धंदा टांगून ठेवणं बरं नाय. त्याला ताप आला तर लोकांनी तहानेनं मरायचं का?"

त्यात खोटे काय होते? त्याने माझी देखभाल पुण्याच्या एका कंपनीकडे सोपवली. त्यांची माणसे तिथूनच तारेवाटे माझ्यात उतरत, मला तपासत, दुरुस्त करत. अंगदला शिवराजने परत पंपावर यायला सांगितले. अंगद रुसला. त्याने वाळूजच्या कारखान्यात काम धरले आणि बजाजनगरात खोली घेतली.

जाण्याआधी कंपनीने त्याच्याकडून एक अर्ज भरून घेतला. त्यात चाळीस प्रश्न होते. छपाईयंत्र कोणते, तार कुठून आली, कुलपाचे शब्द कोणते. रोज सकाळी पहिले पाणी कुणाला जाते, हा प्रश्न त्यात नव्हता. अंगदने विचारलेले तेवढे लिहून दिले. रुसलेला माणूस जास्तीचे बोलत नाही. पण त्याचे मन मानेना. शेवटच्या दिवशी त्याने एका कागदावर जाड अक्षरांत काहीतरी लिहिले आणि ती चिठ्ठी चिकटपट्टीने माझ्या अंगावर लावली. मी टेबलाखाली असे, आणि चिठ्ठी भिंतीकडच्या बाजूला आली. मला वाटले, कुणीतरी ब्रश मारायला येईलच, तेव्हा वाचेल.

ब्रश मारायला कुणी आले नाही. पुण्याहून धूळ झाडता येत नाही.

नवे दिवस सुखाचे होते, हे कबूल करतो. मी पूर्वीपेक्षा भरभर चालू लागलो. अडखळलो तर कंपनीचे माणूस दहा मिनिटांत माझ्यात हजर होई. माझ्या सगळ्या नोंदींची एक प्रत रोज दूरवर जपून ठेवली जाई. फोन घ्यायला सुकेशनी नावाची हुशार मुलगी आली. "चाचणी"चा कागद निघाला की तिला वाटे, छपाईयंत्र नीट चालते की नाही हे पाहण्याची ही यंत्राचीच सवय आहे. ती तो कागद बाजूला ठेवी आणि कडूबा तो उचली. मला एका वर्षात अंगदची आठवण येईनाशी झाली. लाज वाटते, पण तसेच झाले.

मग तो कोरडा उन्हाळा आला. आप्पांच्या गुडघ्याचे ऑपरेशन पुण्यात ठरले. शिवराज दवाखान्यात त्यांच्या उशाशी होता. तिथे त्याला कंपनीचा निरोप आला की काही नोंदी निकामी दिसतात, नाव "चाचणी" आहे, फोन नंबर नाही, तर काढून टाकायच्या का? कंपनीने विचारले, हेही सांगायला हवे. शिवराजने मोबाइलवर एका अंगठ्याने "हो" लिहिले. दूर बसलेल्या माणसाने मला आज्ञा दिली. मी माझ्या रीतीप्रमाणे विचारले, "खात्री आहे?" आयुष्यात मला तेवढाच एक प्रश्न विचारता येतो, आणि तो मी चुकीच्या माणसाला विचारला. त्याने खात्री आहे म्हटले. मी सारजाबाईंना पुसून टाकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कडूबा खिडकीशी आला.

"आज पहिला कागद नाय व्हय?"

"तो बंद झाला, काका," सुकेशनी म्हणाली. "कंपनीनं काढला."

"बरं," कडूबा म्हणाला आणि दुसरा कागद घेऊन गेला. त्याला वाटले, आप्पा आजारी, पोराच्या हाती कारभार, मालकाच्या घरचा निर्णय झाला असणार. मालकाने धर्म का सोडला, हे नोकराने कसे विचारावे? शिवराजला वाटे, खेप चालूच आहे. आप्पांनी पुण्याहून कधी विचारले नाही, कारण दिलेल्याची चौकशी करायची नाही हा त्यांचाच नियम होता.

आणि सारजाबाई? टँकर ज्यात पाणी सोडी त्या वस्तीवरच्या हौदापाशी त्या रोज सकाळी बसत. वस्तीवरच्या बायका म्हणाल्या, डेपोवर जाऊन विचारा तरी. त्या म्हणाल्या, देणाऱ्याचा हात थकला असेल, त्याला लाजवायला मी जाणार नाही.

एवढी भली माणसे मी आयुष्यात पाहिली नाहीत. त्यांतले एक जरी थोडे उद्धट असते, तर वस्तीला पाणी मिळाले असते.

पुढचे मला अंगदच्या तोंडून कळले. मे महिन्यातल्या एका रविवारी तो डेपोवर आला. आप्पा तेव्हा नुकतेच परतले होते आणि काठी टेकत आले होते.

"आप्पा, धर्माची खेप का हो बंद केली?" दारातूनच त्याने विचारले.

"कुणी केली बंद?" आप्पा म्हणाले.

"मग सारजामावशी बजाजनगरात काय करायल्यात? माझ्या गल्लीत धुणीभांडी करतात. मी म्हनलं, मावशी, तुम्ही इथं? तर म्हनल्या, आप्पाच्या इहिरी आटल्या, बाबा."

शिवराज आणि सुकेशनी हातचे काम टाकून जवळ आले. अंगद सांगत राहिला. हौदातले पाणी चार दिवस पुरले. मग सारजाबाई मेंढरे घेऊन तलावाकडे गेल्या. तिथे त्या वर्षी चिखल उरला होता. दोन मेंढरे त्यात रुतून मेली. उरलेली त्यांनी बाजारात विकली आणि बजाजनगरात लेकीच्या खोलीवर गेल्या. वस्तीवरची बाकीची घरेही पांगली.

अंगद गुडघ्यावर बसला आणि त्याने मला टेबलाखालून ओढले. खांद्यावरच्या रुमालाने त्याने माझे अंग पुसले. धुळीखालून अक्षरे वर आली. शिवराजने ती मोठ्याने वाचली.

"चाचणी पुसू नये. ती सारजाबाईंची खेप आहे. अंगद."

शिवराजने ते दुसऱ्यांदा वाचले नाही. सुकेशनी रडू लागली. अंगद म्हणाला, "मी तोंडानं सांगाया पायजे होतं. रागात होतो. चिठ्ठी लावली अन् सुटलो."

मग शिवराजने कंपनीला फोन केला. पलीकडची मुलगी फार नम्रपणे बोलली. जपून ठेवलेल्या प्रतीतून तिने चार मिनिटांत नोंद परत आणली. "नाव परत आलं आहे, सर. अजून काही मदत करू?" असे तिने विचारले. शिवराजने फोन ठेवून दिला.

त्याच आठवड्यात आप्पा स्वतः बजाजनगरला गेले आणि सारजाबाईंना गाडीत बसवून डेपोवर घेऊन आले. सत्तरीच्या त्या बाई खिडकीखालच्या बाकावर अंग चोरून बसल्या. आप्पांनी त्यांच्यापुढे हात जोडले.

"सारजाबाई, चूक झाली. मी बंद नव्हतं केलं. वस्तीवर चला. उद्यापासून पहिली खेप तुमचीच."

"तुमी बंद केलं नाय, हे ऐकून लई बरं वाटलं बगा," त्या म्हणाल्या. "मनात किल्मिष आलं होतं, ते गेलं."

"मग चलता ना?"

त्यांनी पदराने तोंड पुसले. भिंतीपलीकडे टँकर भरत होता, त्याचा आवाज त्या ऐकत राहिल्या.

"पानी हाय, आप्पा," त्या म्हणाल्या. "पन आता पाजायचं कुनाला?"

मित्रांनो, माझ्यात हजारो नोंदी आल्या आणि गेल्या, पण हे वाक्य मात्र कुणी न साठवताच राहिले. पुढच्या वर्षी माझ्या जागी नवा संगणक आला. तोही त्याच कंपनीकडे आहे आणि ते लोक काम चोख करतात. फक्त शिवराजने आता एक रीत घातली आहे. कुणी काम सोडून चालले, की तो त्याला चहा पाजतो, समोर बसवतो आणि विचारतो, "कुठं लिहिलेलं नाय असं काय आहे, तेवढं सांगून जा."

तुम्हीही कुणाचे काम दुसऱ्याच्या हाती द्याल, तेव्हा एवढे नक्की विचारा. आणि तुम्हीच निघाला असाल, तर कितीही राग असो, तोंडाने सांगून जा. चिठ्ठीवर विसंबू नका. माझी चिठ्ठी अजून अंगावर आहे. गेल्या पाच वर्षांत तिच्यावर पुन्हा धूळ बसली आहे. कधी या खोलीत आलात तर ती तेवढी पुसा.