ओल्या बर्फात गेलेला जावई

मित्रांनो, मी अल्ताई पर्वतातली एक जुनी स्की आहे. माझी जुळी बहीण माझ्या शेजारीच भिंतीवर टांगलेली असते. सुगदूर आजोबांनी आम्हाला पाइनच्या लाकडातून घडवलं आणि तळाला घोड्याच्या पायाचं केसाळ कातडं ठोकलं. चढताना ते केस बर्फात रुततात, उतरताना निमूट घसरतात. आजोबा आम्हाला घालून शिकारीमागे धावायचे. "माझ्या पोरींना हात लावाल तर खबरदार!" असं सगळ्यांना दटावायचे. खरी पोर सायलिक, पण तिचे एवढे लाड कधी झाले नाहीत.

सायलिकचा नवरा केरेल सपाटीवरचा, नुकताच स्की शिकलेला. वसंत ऋतू आला, घरचं गवत संपलं, गाई हंबरू लागल्या. उरलेली गंजी खिंडीपलीकडे होती.

"मामा, उद्या पहाटे जातो," केरेल म्हणाला. "तेव्हा बर्फ कडक असेल."

दुपारच्या ओल्या बर्फात जायचं नसतं, हे आजोबांना पुरतं ठाऊक होतं. पण त्या दुपारी अंगणात चार शेजारी चहा पीत बसले होते ना!

"जावईबापूंना ऊन बाधतं होय? सायलिक, तुझा रुमाल बांध गं यांच्या डोक्याला!"

सगळे खो खो हसले.

"बाबा, पुरे झालं!" सायलिक ओरडली. केरेलने तेव्हाच आम्हाला पायांत बांधलं.

खिंड येईतो आमचे केस चिंब भिजले आणि बर्फाची ढेकळं चिकटली. तो सुरीने खरवडायचा, चार पावलांत पुन्हा तेच. उतारावर मी एकदम रुतले. केरेल पुढे फेकला गेला, पाय माझ्यापाशीच अडकला. गुडघा कडकन वाजला. दिवस कलला तसा तो ओला बर्फ त्याच्या पायाभोवती गोठला. मला सोडायचं होतं हो त्याला! पण माझ्या कातडी वाद्या गोठून दगडासारख्या झाल्या होत्या.

अंधार पडता पडता आजोबा पोचले. वाकून त्यांनी आधी मला चाचपलं. "फुटली नाही, नशीब," म्हणाले. मग जावयाकडे बघितलं.

गोठलेला पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

आता केरेल चुलीपाशी बसून वाद्या वळतो. आजोबा आम्हाला चरबी चोळतात. पाहुणे म्हणतात, "काय जपल्यात हो!"

परवा सायलिक म्हणाली, "बाबा, त्यातली बोटभर चरबी एकदा त्याच्या थोट्या पायाला लावली असतीत तर?"

आजोबा चोळतच राहिले.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंनी शेवटी 'आम्हाला जपा' म्हणायचं असतं. मला तसं म्हणायला तोंड नाही. कुणी ओला बर्फ बघून "आज नको" म्हणालं, तर तेवढं त्याला हसू नका.