चौघांचा तराफा
मिस्त्रींच्या तळपायाची आग मस्तकात गेली ती निघायच्या दिवशी सकाळी. तीन महिने त्यांनी त्या यॉटवर घाम गाळला होता तो एकाच बोलीवर: महासागर ओलांडताना त्यांनाही खलाशी म्हणून सोबत न्यायचं. आता बोट बुडाली तर बसायचा तराफा डेकवर आवळून बांधताना त्यांनी त्याच्या पेटीवरचा मिठाचा थर पुसला, तर खाली छापलेलं: चार माणसांसाठी.

बोटीवर माणसं पाच. मालक, मालकीणबाई, मालकीणबाईंचा भाऊ, स्वयंपाकाच्या बाई आणि मिस्त्री.

"अहो, चौघांचा म्हणजे पाच सहज मावतात," मालक नकाशावरून मान वर न करता म्हणाले.

"मावतात ना? मग पाचवे तुम्ही व्हा."

"डोकं फिरलंय का तुमचं? बोट माझी आहे."

"बरं, तुम्ही चौघांत. उरलेल्यांत पाचवं कोण, तेवढं सांगा. मी निमूटपणे दोर सोडतो."

मालकीणबाईंनी भावाकडे पाहिलं, भावाने मालकांकडे, आणि मग तिघांचीही नजर हळूच बटाटे सोलत बसलेल्या बाईंकडे वळली. मिस्त्री स्वतःचं नाव ऐकायच्या तयारीने उभे होते. हे पाहून मात्र त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला.

बाईंनी सुरी ठेवली, हात पुसले आणि खाली जाऊन आपली पिशवी घेऊन आल्या. मिस्त्रींनी हत्यारांची पेटी उचलली, बाईंना हात देऊन धक्क्यावर उतरवलं आणि मागे वळून म्हणाले,

"आता तिघंच आहात. ऐसपैस बसा."