भिंतीवरचा पहिला खिळा

मी एक जुनी, काळ्या रंगाची पत्र्याची पेटी आहे. मित्रांनो, आज माझ्या पोटात काहीही नाही. रिकाम्या पेटीला वाईट वाटत असेल, असे तुम्हाला वाटेल. मलाही पूर्वी तसेच वाटायचे.

माझा जन्म अकोल्याचा. मुजम्मिल मिस्त्रींनी जाड पत्रा ठोकून मला घडवले आणि कडा दुमडून घेतल्या, म्हणजे कुणाचा हात कापायला नको. मला विकत घेतले अचलपूरच्या वकार यांनी. ते फौजेत नायक आहेत. त्यांनी माझ्या झाकणावर पांढऱ्या रंगाने आपले नाव आणि पलटणीचा पत्ता लिहिला. पुढे प्रत्येक बदलीला जुन्या पत्त्यावर काळा रंग चढला आणि त्यावर नवा पत्ता आला. तिरप्या उजेडात पाहिलेत, तर खालची जुनी अक्षरे अजून उठून दिसतात.

वकार यांच्या पत्नी सुरैय्या यांनी मला फार जपले. पावसाळ्यात ओलसर हवेने पत्रा गंजतो, म्हणून त्या माझ्याखाली विटा ठेवत आणि बिजागऱ्यांना तेल लावत. फौजेच्या क्वार्टरमध्ये मीच त्यांची बैठक होते. वकार घरी राहत असत, तेव्हा त्यांच्या वाट्याचा शिधा घरी यायचा. त्यातली डाळ सुरैय्या माझ्यावर ताट ठेवून निवडायच्या.

पण अर्धे घर कायम माझ्या पोटातच असायचे. चांगली ताटे, लग्नातले घड्याळ, लेकीची खेळणी, सगळे कुलपात. "बदली आली का पुन्हा बांधायचंच हाये," सुरैय्या म्हणायच्या, "मंग काढायचं कशाले?" भिंतीला खिळा तर त्यांनी कधीच ठोकला नाही. क्वार्टर सोडताना भिंती तपासून घेतात आणि प्रत्येक भोकाचा जाब द्यावा लागतो.

मग वकार यांची बदली सीमेवर झाली. तिथे कुटुंब नेता येत नाही. ते स्वतः तिकडे लंगरमध्ये, म्हणजे फौजेच्या सामायिक स्वयंपाकघरात, जेवणार होते, त्यामुळे घरी येणारा शिधाही थांबणार होता.

"पण घरभाड्याचा भत्ता मिळन," वकार म्हणाले. "अचलपूरले अम्मीजवळ राह्य, नाही तं कुठं खोली घे. तू ठरव."

अचलपूरच्या घरात दोन दीर आणि त्यांची मुले होती. सुरैय्यांनी अमरावतीत वलगाव रस्त्यावर दोन खोल्या घेतल्या, त्या तुबासाठी. ही त्यांची मुलगी दर बदलीला नव्या शाळेत मागच्या बाकावर बसून कंटाळली होती. इथे मात्र तिचे नशीब उघडले. शाळेच्या फळ्यावर रोजचे तापमान लिहिण्याचे काम तिला मिळाले. सुट्टीवर आलेल्या वकारांनी तिला एक तापमापीही घेऊन दिली. येत्या उन्हाळ्यात अमरावतीचा पारा कुठवर चढतो, ते तिला स्वतः मोजायचे होते.

फेब्रुवारीत भाडेकरार संपत आला. एका दुपारी घरमालकीण विमलकाकू वर आल्या. खोलीभर नजर फिरवून त्या माझ्यावरच बसल्या.

"सुरैय्या, राग नको मानू माय. बँकेतलं एक कुटुंब खोल्या पाहून गेलं. मी त्याईले हो म्हणायच्या बेतात हावो. तुमी तं जाऊनच राहिले ना?"

"कोण म्हणलं, काकू?"

"कोण कशाले म्हणन? हे पेटी म्हणून राहिली." काकूंनी माझ्या कुलपावर टिचकी मारली. "सालभर झालं, भिंतीले एक खिळा नाई. असं तं लोक धर्मशाळेत राह्यतात."

तुबाचा चेहरा उतरला. सुरैय्यांनी कोऱ्या भिंतीकडे पाहिले.

"काकू, क्वार्टरात खिळ्याचा जाब द्या लागते. हाताले सवयच नाई."

"अन् माझं घर काय सरकारी हाये?"

काकू पायऱ्या उतरून गेल्या. तुबा हळूच म्हणाली, "अम्मी, आता अचलपूर?"

मित्रांनो, एवढी वर्षे घर सांभाळल्याचा मला अभिमान होता. त्या दुपारी कळले, की मी भरलेली होते म्हणूनच हे घर त्यांच्या हातून निसटत होते.

सुरैय्यांनी कमरेची किल्ली काढली. "भाड्याची सोय फौजेनं केली, बेटा. राहाचं तं आपल्यालेच लागन."

मग त्यांनी मला उघडले. ताटे निघाली आणि फळीवर गेली. रजया निघाल्या. तळाशी घड्याळ होते, मखमलीत गुंडाळलेले. "हे आपलं हाये?" तुबाने विचारले. तिने ते कधी पाहिलेच नव्हते. ते भिंतीशी धरून पाहिल्यावर सुरैय्या जिन्यापाशी गेल्या आणि खाली वाकून म्हणाल्या, "काकू, हातोडी हाये का?"

खाली कपाट उघडल्याचा आवाज आला. मग काकू स्वतःच वर आल्या. एका हातात हातोडी होती आणि दुसऱ्या मुठीत खिळे.

"बँकवाल्यायले सांगून देईन, खोल्या भरल्या म्हणून," त्या म्हणाल्या. "पण वाकडा ठोकू नको. भित माझी हाये."

पहिला खिळा सुरैय्यांनी खिडकीजवळ ठोकला. घड्याळ दुसऱ्या खिळ्याला गेले, कारण पहिल्यावर तुबाने आपली तापमापी टांगून टाकली होती.

आता मी त्या खिडकीखाली असते. दुपारी पत्रा तापून प्रसरण पावतो आणि माझे झाकण 'टक्' वाजते. "पेटी बोलली," तुबा म्हणते आणि माझ्यावर चढून पारा पाहते.

मित्रांनो, तुमच्या घरी अशी पेटी असेल, तर तिच्याखाली विटा ठेवा, बिजागऱ्यांना तेल लावा आणि जमेल तेव्हा तिला रिकामी करा. आणि तुमच्या गल्लीत एखादे कुटुंब भरलेली पेटी घेऊन उतरले, तर ते केव्हा जाणार हे विचारू नका. हातोडी घेऊन जा.